वाटेतला रथ



मागल्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. वर्षावास चालू होता. आमच्या चारठाण्याच्या वस्तीत विहारात ग्रंथवाचन आटोपून माणसे नुकतीच घरी गेली होती. रात्री अकराच्या सुमारास शेजारच्या एका आजीला दम लागला. श्वास घेता येईना. पोरांनी १०८ नंबरला फोन केला, गाडी आलीही. पण ती गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबली. आत शिरायला वाटच नव्हती. शेवटी आजीला बाजेवर घातले आणि चौघांनी खांदा देऊन चिखलातून बाहेर काढले. पाठीमागे सून रडत होती, कारण बाजेवरून चौघांनी माणूस नेणे म्हणजे काय ते आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे.

आजी वाचली. आठ दिवसांनी घरी आली. मी भेटायला गेलो तर तिने पहिला प्रश्न विचारला, "रथ अजून तिथंच हाय का रे बाबा?"

होय, वाट अडवली होती ती आपल्याच रथाने. ही गोष्ट सांगायला मला लाज वाटते, पण सांगितली नाही तर हा लेख लिहिण्याचा मला अधिकार राहत नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळाने वर्गणी जमवून जयंतीच्या मिरवणुकीसाठी एक जुना टेम्पो विकत घेतला. निळा रंग दिला, बाजूंना अशोकचक्र काढले, पुढच्या बाजूला बाबासाहेबांची मोठी तसबीर बसवली. दोन जयंत्या झोकात पार पडल्या. मग इंजिन बसले. दुरुस्तीचा आकडा ऐकून सगळे गप्प झाले. टेम्पो विहाराच्या बाजूला, गल्ली अरुंद होते नेमक्या त्या ठिकाणी उभा राहिला तो उभाच राहिला. टायर बसले, पत्रा सडला, खाली कुत्री व्याली. पण तसबीर होती म्हणून कुणी हात लावीना. वर्षातून एकदा १४ एप्रिलला हार घालायचा आणि पुन्हा वर्षभर विसरायचे.

एक गाडी उभी राहिली की दुसरीला जागा सापडते. टेम्पोच्या मागे एकाने चाके काढलेली काळी-पिवळी जीप आणून ठेवली. समोर एका शेतकऱ्याची ट्रॉली रात्रीची मुक्कामाला येऊ लागली. मोटारसायकली तर ज्याच्या त्याच्या उंबऱ्यापुढे आडव्या. आम्ही दोघे-तिघे ट्रॉलीवाल्याकडे गेलो. माणूस शांतपणे म्हणाला, "भाऊ, मी सकाळी उठून ट्रॉली नेतो तरी. तुमचा रथ किती वर्षं झालं हलला न्हाई ते सांगा, आधी तो हलवा." आमच्याकडे उत्तर नव्हते. मान खाली घालून परत आलो.

बंधू-भगिनींनो, रस्ता ही आपल्यासाठी साधी गोष्ट नाही. आपल्या आजा-पणजांना गावातल्या कित्येक वाटांवरून पायात वहाण घालून जाता येत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले, तेव्हा लढा पाण्याच्या ओंजळीपुरता नव्हता. जे सार्वजनिक आहे ते सगळ्यांचे आहे, हे सिद्ध करायचे होते. पुढे तीच गोष्ट संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये आली. त्याच्या दुसऱ्या खंडात विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्या जोडीला 'रस्ते' हा शब्द आहे. सरकारी पैशातून राखलेला किंवा जनतेसाठी असलेला रस्ता वापरायला कुणालाही धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून आडकाठी करता येणार नाही. एवढ्या कष्टाने मिळालेला रस्ता आपणच आपल्या हाताने अडवायचा काय?

धम्माच्या अंगानेही पाहा. सम्राट अशोकाने रस्त्याच्या कडेने वडाची झाडे लावली, वाटसरूंसाठी विहिरी खोदल्या, असे त्याच्या स्तंभलेखात कोरलेले आहे. आपण रोज पंचशील घेतो. दुसरे शील सांगते की जे दिलेले नाही ते घेऊ नये. मग दहा फुटांच्या गल्लीतले सहा फूट आपल्याला कुणी दिले? घराची जागा आपली, ओटा आपला. ओट्याखालची वाट सर्वांची. तिथे कायमची गाडी लावणे हे न दिलेले घेणेच आहे.

आता धोक्याचे बोलतो. आई-बापांनी हे नीट ऐकावे. जून २०२३ मध्ये नागपूरला घराजवळ उभ्या असलेल्या एका मोटारीत तीन लहान मुले मृत सापडली. एप्रिल २०२४ मध्ये मुंबईत अँटॉप हिलला पाच आणि सात वर्षांची बहीण-भाऊ अशीच एका जुन्या, पडून राहिलेल्या मोटारीत गेली. खेळता खेळता मुले आत शिरतात, दार लागते, आतून उघडता येत नाही. उन्हात बंद गाडी थोड्या वेळात भट्टीसारखी तापते आणि लहान मुलाचे अंग मोठ्या माणसापेक्षा फार लवकर तापते. आपल्या वस्तीत मुले लपाछपी कुठे खेळतात ते एकदा पाहून या. आमची मुले त्या काळ्या-पिवळीत लपत होती.

दुसरा धोका टायरचा. पडलेल्या टायरात पावसाचे पाणी साचते आणि डेंग्यूचा डास नेमक्या अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. आठ-दहा दिवसांत त्याचा उडणारा डास तयार होतो. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा असे आरोग्य खाते सांगते. घरातला रांजण आपण घासतो आणि दारातले टायर तसेच ठेवतो.

कायदा काय म्हणतो तेही माहीत असावे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२२ प्रमाणे दुसऱ्याला धोका, अडथळा वा विनाकारण त्रास होईल अशा रीतीने सार्वजनिक जागी गाडी सोडता येत नाही. कलम १२७ प्रमाणे दहा तास किंवा त्याहून जास्त वेळ बेवारस पडलेली गाडी उचलून नेण्याचा आदेश गणवेशातला पोलीस अधिकारी देऊ शकतो, आणि तो खर्च मालकाच्या माथी पडतो. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. सार्वजनिक वाट अडवण्याबद्दल पूर्वी कलम २८३ मध्ये दोनशे रुपयांपर्यंत दंड होता. नव्या कलम २८५ मध्ये तो पाच हजारांपर्यंत आहे.

गावात ग्रामपंचायतीलाही अधिकार आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ प्रमाणे गावठाणातल्या रस्त्यावरचा अडथळा पंचायत दूर करू शकते. तिने केले नाही तर जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. त्यापुढे उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे सार्वजनिक उपद्रव हटवण्याची मागणी करता येते. मध्य प्रदेशातल्या रतलामच्या एका मोहल्ल्यातल्या लोकांनी उघडी गटारे आणि घाण यांबद्दल असाच अर्ज केला होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९८० मध्ये न्या. कृष्ण अय्यर यांनी नगरपालिकेची 'पैसा नाही' ही सबब मानली नाही. साध्या माणसांचा एक साधा अर्ज कुठवर जातो ते यावरून दिसते.

मात्र अर्ज तोंडी करू नका. दोन प्रती करा, गाडीचा नंबर, जागा आणि किती दिवसांपासून उभी आहे ते लिहा, एका प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. ग्रामसभेत विषय मांडला तर तो इतिवृत्तात लिहिला गेला की नाही ते वाचून घ्या. आणखी एक सांगतो. कुणी जातीवरून आपली वाट अडवली तर त्यासाठी अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे, आणि २०१५ च्या दुरुस्तीत रस्ता व वाट यांचा त्यात स्पष्ट उल्लेख आला आहे. तिथे मागे हटू नये. पण शेजाऱ्याचा निष्काळजीपणा आणि जातीचा आकस यांतला फरक ओळखला पाहिजे. ज्या हत्याराने मोठी लढाई लढायची ते किरकोळ भांडणात बोथट करू नये.

आता आमच्या रथाचे काय झाले ते सांगतो. पुढच्या पौर्णिमेला विहारात बैठक घेतली. मी विषय काढताच तरुण पोरे उसळली. "काका, बाबासाहेबांच्या गाडीला हात लावायचा न्हाई!" एक जण तर म्हणाला, "उद्या विरोधक म्हणतील, यांनीच रथ भंगारात घातला." पोरांची भावना खोटी नव्हती. मी त्यांना एवढेच विचारले की, २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी भक्तीबद्दल काय इशारा दिला होता? राजकारणातली विभूतिपूजा माणसाला अधोगतीकडे नेते, असे त्यांनी बजावले होते. स्वतःच्या नावाने गरिबाच्या दवाखान्याची वाट अडलेली त्यांना चालली असती काय?

तरीही कुणी मानेना. तेव्हा ती आजी भिंतीला धरून उठली. म्हणाली, "दर जयंतीला पहिला हार म्या घातलाय त्या रथाला. पण त्या राती म्या बाजेवर व्हते. बाबासाहेबांनी मला वाटंत आडवलं नसतं." ती खाली बसली. मग कुणीच काही बोलले नाही. उपासिका मंडळाच्या बायांनी ठराव मांडला आणि तो मंजूर झाला.

दुसऱ्या दिवशी वंदना घेऊन तसबीर सन्मानाने काढली, पुसली आणि विहारात आत लावली. चक्राचे फलकही जपून ठेवले. टेम्पो ओढायला ट्रॅक्टर हवा होता. तो मागायला आम्ही त्याच ट्रॉलीवाल्याकडे गेलो. त्याने डिझेलचे पैसे घेतले, पण ट्रॅक्टर दिला आणि स्वतः चालवला. टेम्पो एका उपासकाच्या पडीक जागेत नेऊन लावला. आता ट्रॉली बहुतेक रात्री शेतातच असते. कधीमधी येते, पण सांगितले की निघते. काळ्या-पिवळीच्या मालकाला आम्ही पंधरा दिवसांची मुदत दिली. त्याने ती ओढून नेली.

पण एक काम अजून राहिले आहे आणि त्याचा दोष माझ्याकडे आहे. टेम्पो घेतला तेव्हा मी मंडळाचा खजिनदार होतो. उभा जन्म कचेरीत दुसऱ्यांचे कागद तपासण्यात गेला, वर्गणीची पै न् पै वहीत लिहिली, पण गाडीचे कागद मंडळातल्या कुणाच्या नावावर केले नाहीत. "करू पुढं" म्हणून ठेवले. आज सरकारदरबारी तो टेम्पो जुन्या मालकाच्याच नावावर आहे. त्याची सही असल्याशिवाय रीतसर भंगारात देता येत नाही. तो गाव सोडून गेला आहे. त्याचा शोध चालू आहे.

म्हणून जुनी मोटारसायकल, रिक्षा वा टेम्पो घेणाऱ्या-विकणाऱ्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे. विकणाऱ्याने १४ दिवसांत, घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला हस्तांतर कळवायचे असते. हे केले नाही आणि गाडीने कुणाला उडवले, तर भरपाईची जबाबदारी नोंदणी असलेल्या मालकावर येते, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आहे. हातउसने घेऊन गाडी विकणाऱ्या गरिबाचे घर त्यात बुडू शकते. गाडी कायमची निकामी झाली तर तेही १४ दिवसांत वा शक्य तितक्या लवकर कळवून नोंदणी रद्द करून घ्यावी. २०२१ पासून सरकारमान्य भंगार केंद्रांची व्यवस्था सुरू झाली आहे. तिथे गाडी जमा केल्याचे प्रमाणपत्र मिळते. रस्त्यावरच्या भंगारवाल्याला नंबरपाटीसकट गाडी देऊन मोकळे होऊ नका. ती पाटी उद्या कुठल्या गाडीला लागेल याचा नेम नाही.

येत्या जयंतीला आमच्या मंडळाने ठरवले आहे की, मिरवणुकीला एक दिवसासाठी गाडी भाड्याने घ्यायची, सजवायची आणि दुसऱ्या दिवशी परत करायची. उरलेल्या वर्गणीतून गल्लीच्या तोंडाशी एक दिवा लावायचा. तुमच्या वस्तीतही या रविवारी चार जण मिळून टोकापासून टोकापर्यंत चालून पाहा. रुग्णवाहिका आत येईल काय, आणि अंत्ययात्रेला वाकडे व्हावे लागेल काय, एवढेच तपासा. आणि सुरुवात शेजाऱ्याच्या दारापासून करू नका, स्वतःच्या दारापासून करा.

आजी परवा विहारात आली होती. काठी टेकत, एकटी, सरळ वाटेने.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम!