पॅन नसेल तर वीस टक्के : कर लागू नसलेल्यांकडून वसुली

पॅनकार्ड हे पैसेवाल्यांचे काम, आपल्याला कुठे आयकर लागतो, असा समज आपल्या वस्त्यांत आणि पाड्यांत सर्रास आढळतो. यातला दुसरा भाग बहुतांशी खरा आहे. शेतीचे उत्पन्न आयकरातून मुक्त आहे आणि जव्हार-मोखाड्यातून वीटभट्टीवर जाणाऱ्या मजुराची कमाई कराच्या मर्यादेच्या जवळपासही पोहोचत नाही. मात्र पहिला भाग खोटा आहे आणि तो गरिबालाच महागात पडतो.

हिशेब साधा आहे. मोखाड्यातील एखाद्या तरुणाने ग्रामपंचायतीचे ५० हजार रुपयांचे काम घेतले, असे समजा. पॅन असेल तर त्याच्या बिलातून १ टक्का, म्हणजे ५०० रुपये आयकर कापला जातो. पॅन नसेल तर २० टक्के, म्हणजे १० हजार! ही तरतूद १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. कापलेला पैसा परत मागायचा तर विवरणपत्र भरावे लागते आणि विवरणपत्राला पुन्हा पॅनच लागतो. म्हणजे ज्याला एक पैसा कर लागू नाही, त्याच्या घामाचा पाचवा हिस्सा सरकारजमा होतो. कायद्याच्या आधाराशिवाय कर वसूल करता येणार नाही, असे संविधानाचे अनुच्छेद २६५ सांगते. येथे कायदा आहे, पण न्याय आहे काय?

त्यात आधार जोडणीची भर पडली. ३० जून २०२३ पर्यंत जोडणी न केलेले पॅन निष्क्रिय झाले आणि निष्क्रिय पॅनवाल्यालाही तोच २० टक्क्यांचा दंडुका. उशिराच्या जोडणीला १००० रुपये शुल्क ठेवले गेले. २०२३-२४ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २७३ रुपये होती. म्हणजे जवळजवळ चार दिवसांची मजुरी एका जोडणीसाठी! मे २०१७ च्या अधिसूचनेने आसाम, मेघालय व जम्मू-काश्मीरच्या रहिवाशांना या जोडणीतून वगळले होते. सूट देता येते, हे यावरून सिद्ध होते. मग पाचव्या अनुसूचीतील जव्हार-मोखाड्याचा विचार का झाला नाही?

आधारवरून तत्काळ ई-पॅन फुकट मिळते, असे सरकार सांगते. ते खरे आहे. पण त्यासाठी आधारला मोबाइल जोडलेला हवा आणि आधारवर पूर्ण जन्मतारीख हवी. ज्याच्या आधारवर नुसते जन्मवर्ष आहे, स्थलांतरात ज्याचे सिमकार्ड बदलले आहे, त्याला ही फुकटची सोय काय कामाची? तो शेवटी एजंटच्या दारात जातो आणि कागद त्याच्या हाती सोपवतो.

धोका तेथेच आहे. जानेवारी २०२० मध्ये ठाणे जिल्ह्यातील एका रोजंदारी मजुराला १ कोटी ५ लाखांची आयकर नोटीस आल्याची बातमी गाजली. आपल्या पॅनवर दुसऱ्यानेच बँक खाते उघडून नोटबंदीत पैसे भरले, अशी त्याची तक्रार होती. पॅनची झेरॉक्स ही कोऱ्या कागदावरच्या अंगठ्यासारखीच जपली पाहिजे.

म्हणून मागणी स्पष्ट असावी. जव्हारच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाने दिवाळीनंतरचे स्थलांतर सुरू होण्यापूर्वी गावोगाव शिबिरे घ्यावीत आणि आधार दुरुस्ती व पॅन एकाच ठिकाणी करून द्यावे. अनुसूचित क्षेत्रातील गरिबांचे जोडणी शुल्क माफ व्हावे. कार्यकर्त्यांनीही ग्रामसभेत हा विषय घ्यावा, झेरॉक्सवर तारीख आणि कशासाठी दिली ते लिहायला शिकवावे, बिलातून किती कापले हे विचारायला शिकवावे.

साबण, तेल घेताना जीएसटी भरणारा प्रत्येक मजूर करदाताच आहे. पॅन काढणे म्हणजे कर ओढवून घेणे नव्हे. आपले कापलेले पैसे परत मागण्याचा तो पहिला कागद आहे.