गाडी भंगारात, नाव मात्र आरसी बुकावर

नवी दिल्ली : ‘जुनी मोटार कोणत्याही अवस्थेत घेऊ, पैसे जागेवर रोख, गाडी टोचन करून नेण्याचा खर्च आमचा’ अशा आशयाच्या जाहिराती देशातील मोठ्या शहरांत आता नित्याच्या झाल्या आहेत. सोसायटीच्या आवारात वर्षानुवर्षे धूळ खात पडलेली गाडी तासाभरात हलते, जागा मोकळी होते आणि मालकाच्या हाती काही हजार रुपये पडतात. या सौद्यात गाडी निश्चितपणे जाते. तिच्याबरोबर मालकाचे दायित्वही जाते, हा समज मात्र अनेकदा महागात पडतो.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार ज्याच्या नावावर वाहनाची नोंदणी आहे तोच तिचा मालक. गाडी कोणाच्या ताब्यात आहे, तिचे पैसे कोणी दिले, साध्या कागदावर कोणी सही केली, हे प्रश्न त्यानंतरचे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये दिलेल्या निकालात ही बाब पुरती स्पष्ट झाली. त्या प्रकरणातील मोटार मूळ मालकाने २००७ मध्ये विकली होती. त्यानंतर ती आणखी काही हातांतून गेली. नोंदणी मात्र बदलली नाही. मे २००९ मध्ये मागे घेताना त्या गाडीखाली सापडून एका मुलाचा मृत्यू झाला. नुकसानभरपाईचा प्रश्न न्यायालयासमोर आला, तेव्हा दोन वर्षांपूर्वी गाडी विकून मोकळ्या झालेल्या मूळ मालकावरच तिचे दायित्व निश्चित करण्यात आले. नोंदणी न बदलता गाडी हातोहात विकली जात राहिली, तर अपघातग्रस्ताने एकामागून एक खरेदीदार शोधत फिरावे, अशी अपेक्षा करता येणार नाही, असा त्यामागचा विचार होता. तो न्याय्यच म्हणावा लागेल.

१० नोव्हेंबर २०२५ रोजी दिल्लीत लाल किल्ल्याजवळ स्फोट झाला, त्यातील मोटारही अनेकदा विकली गेलेली होती. नोंदणी क्रमांकावरून तपास सुरू झाला आणि पोलीस प्रथम पोहोचले ते गाडी केव्हाच विकून टाकलेल्या जुन्या मालकापर्यंत.

भंगारात दिलेली गाडी पुन्हा रस्त्यावर येणारच नाही, असा युक्तिवाद यावर केला जातो. पण रोख पैसे देणारा प्रत्येक व्यापारी गाडी तोडतोच असे नाही. चालू अवस्थेतील गाडी सुट्या भागांपेक्षा जास्त भावाने विकता येते. शिवाय तोडलेल्या गाडीचा क्रमांक आणि कागदपत्रे चोरीच्या गाडीला चिकटवण्याचा उद्योग पोलिसांना नवा नाही. उत्तर प्रदेशात मेरठ येथील सोतीगंजची बाजारपेठ चोरीच्या वाहनांच्या सुट्या भागांसाठी देशभर ओळखली जात होती. २०२१ मध्ये तिच्यावर मोठी कारवाई झाली.

केंद्र सरकारने सप्टेंबर २०२१ मध्ये वाहने मोडीत काढणाऱ्या केंद्रांसाठी नियम अधिसूचित केले, ते या अंधाऱ्या जागेत दिवा लावण्यासाठीच. नोंदणीकृत केंद्राने गाडी स्वीकारण्यापूर्वी ती चोरीची नाही, याची राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या माहितीसाठ्यातून खातरजमा करायची असते. गाडी ताब्यात घेतल्यावर मालकाला ठेव प्रमाणपत्र आणि ती तोडल्यावर निष्कासन प्रमाणपत्र मिळते. चेसिस क्रमांकाचा कापलेला तुकडा केंद्राला सहा महिने जपून ठेवावा लागतो. ‘वाहन’ प्रणालीतील नोंदणी रद्द झाली की मालकाचा त्या गाडीशी असलेला संबंध कायद्याच्या लेखी संपतो. गाडी एका राज्यात नोंदलेली असली तरी दुसऱ्या राज्यातील केंद्रात देता येते, ही सोयही नियमांत आहे.

तरीही गल्लीतला भंगारवाला स्पर्धेत टिकून आहे. मारुती ८०० चे वजन सुमारे ६५० किलो. हिशेबाच्या सोयीसाठी भंगाराचा भाव किलोला ३० रुपये धरला, तर तिची किंमत होते १९ हजार ५०० रुपये. त्यातून टोचनगाडीचा खर्च आलाच. ‘मोफत’ हा शब्द जाहिरातीत असतो, हिशेबात नसतो. नोंदणीकृत केंद्राला इंजिन ऑइल, बॅटरीतील आम्ल, वातानुकूलन यंत्रणेतील वायू यांची नियमानुसार विल्हेवाट लावावी लागते आणि त्यासाठी यंत्रसामग्रीत गुंतवणूक करावी लागते. उघड्यावर गाडी फोडणारा हा खर्च शेजारच्या नाल्यावर आणि जमिनीवर ढकलतो. त्यामुळे तो चार पैसे जास्त देऊ शकतो. मालकाला मिळणारा वाढीव भाव म्हणजे काही अंशी प्रदूषणाचे वाटून घेतलेले पैसे होत.

ही तफावत सवलतींनी भरून काढण्याचा प्रयत्न तोकडा पडला आहे. जुनी गाडी मोडीत काढून नवी घेणाऱ्यास खासगी वाहनासाठी मोटार वाहन करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची मुभा राज्यांना आहे. प्रत्यक्ष सवलत राज्यागणिक वेगळी. वाहन उत्पादकांनी ५ टक्के सूट द्यावी, असे केंद्राने २०२१ मध्ये सुचवले होते. ऑगस्ट २०२४ मध्ये बहुतेक प्रवासी मोटार उत्पादकांनी मान्य केली ती दीड टक्का किंवा २० हजार रुपये, यांपैकी जी कमी असेल ती. आणि या सवलती नवी गाडी घेणाऱ्याच्याच कामाच्या. ज्या निवृत्त गृहस्थाला आता गाडीच नको आहे, त्याला ठेव प्रमाणपत्र दुसऱ्याला हस्तांतरित करण्याचा मार्ग उपलब्ध आहे. तो किती जणांना ठाऊक आहे, हा प्रश्नच आहे.

कागदांची अडचणही खरी आहे. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर तो आधी उतरवावा लागतो. मालक हयात नसेल तर मृत्यूचा दाखला आणि वारसाचा पुरावा लागतो. वडिलांच्या नावावरची गाडी वर्षानुवर्षे तशीच उभी असण्याचे हेही एक कारण. भंगारवाला यांपैकी काहीच मागत नाही.

दिल्ली आणि परिसरात या घाईच्या सौद्यांना न्यायालयीन आणि प्रशासकीय धरसोडीनेही हातभार लावला. १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवरील बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम केली. १ जुलै २०२५ पासून अशा गाड्यांना इंधनच न देण्याचा आदेश लागू झाला आणि जनक्षोभानंतर काही दिवसांतच लांबणीवर पडला. ऑगस्टमध्ये न्यायालयाने मालकांवर सक्तीची कारवाई न करण्याचे निर्देश दिले. डिसेंबरमध्ये हे संरक्षण भारत स्टेज-४ आणि त्यापुढील मानकांच्या गाड्यांपुरतेच ठेवले. जुलैत धास्तावून मिळेल त्या भावाने सुस्थितीतील गाडी काढून टाकणाऱ्याला या फेऱ्यांनी काय दिले, हे सांगायला नको. देशाच्या उर्वरित भागात निकष वयाचा नाही, तंदुरुस्ती चाचणीचा आहे. अर्थात २० वर्षांवरील मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क ऑगस्ट २०२५ पासून १० हजार रुपये झाल्याने तिथेही अनेकांचा कल विक्रीकडे झुकेल.

भावातील दरी बुजवण्याची शक्यता आहे ती १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या पर्यावरण मंत्रालयाच्या नियमांत. त्यांनुसार जुन्या वाहनांतील पोलाद परत मिळवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आली आहे. २०२५-२६ साठी खासगी वाहनांचे किमान लक्ष्य आहे २००५-०६ मध्ये बाजारात आणलेल्या वाहनांत वापरलेल्या पोलादाच्या ८ टक्के. ते २०३०-३१ पासून १३ आणि २०३५-३६ पासून १८ टक्के होईल. हे लक्ष्य पूर्ण केल्याची प्रमाणपत्रे उत्पादकांना नोंदणीकृत केंद्रांकडूनच घ्यावी लागणार असल्याने केंद्रांना भंगाराखेरीज उत्पन्नाचा दुसरा स्रोत मिळतो. त्यातला किती वाटा जुन्या गाडीच्या मालकापर्यंत पोहोचतो, त्यावर टोचनगाडी कोणाच्या दारी जाणार ते ठरेल. सुरुवातीचे ८ टक्क्यांचे लक्ष्य पाहता ही गती मंदच राहील. तोपर्यंत भाव ठरवताना विक्रेत्याने एक प्रश्न आधी विचारणे श्रेयस्कर ठरेल : नोंदणी रद्द झाल्याचा कागद कोण देणार, आणि किती दिवसांत?