परदेशात उतरल्या दिवशी गाडीची चावी घेऊ नका

गेल्या महिन्यात एक संत्रा बागायतदार बीपी तपासायला आले. वय ५६, दहा वर्षांपासून मधुमेह. मुलासुनेसोबत स्वित्झर्लंडला निघालेत. अमरावतीच्या आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून झालं होतं. झुरिक विमानतळावरच भाड्याची गाडी घ्यायची आणि थेट इंटरलाकेन गाठायचं. मी जरा कुरकुरलो तर म्हणाले, "डॉक्टरसाहेब, चिखलदऱ्याचा घाट आपण अंधारात बी चढवतो. तिथं तर रस्ते चांगले हायेत!"

रस्ते चांगले आहेत, हे खरं. माझी काळजी झोपेची आहे.

हिशोब करून पाहा. चांदूर बाजारहून निघायचं म्हणून तुम्ही सकाळी सहाला उठता. (आदल्या रात्री बॅगा भरण्यात झोप झालेलीच नसते, ते सोडा.) गाडीनं नागपूर, तिथून मुंबई, आणि युरोपचं विमान बहुतेक मध्यरात्रीनंतरचं. दीड वाजता ते उडालं, तर तोवर तुम्ही साडेएकोणीस तास जागे आहात. सलग १७ तास जागं राहिल्यावर हात-डोळ्यांचा मेळ किती बिघडतो, हे १९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी मोजलं. रक्तात १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम दारू असताना बिघडतो, तितका. आपल्याकडे कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे.

मग विमानात खुर्चीत बसून दोन-तीन तासांची डुलकी. उतरता सकाळी साडेसहाला, हॉटेलची खोली मिळते दुपारी दोन-तीनला. मधला वेळ काढायचा कसा? म्हणून माणूस गाडीत बसतो. खरा घोळ इथेच होतो. सकाळच्या उन्हात आणि उत्साहात ताजंतवानं वाटतं, जेवण झालं की डोळे जड होतात. ताशी १०० च्या वेगात चार सेकंद डोळा लागला तर गाडी ११० मीटर पुढे गेलेली असते.

'तीस वर्षांचा अनुभव आहे' म्हणणाऱ्यांनी पुढचं नीट वाचावं. दमलेला मेंदू विचार करत नाही, सवयीनं चालतो. तुमची सवय डाव्या बाजूची, आणि तिथं वाहतूक उजवीकडून. समोरून गाड्या येत असतील तर आपोआप भान राहतं. पण पेट्रोल पंपावरून रिकाम्या रस्त्यावर बाहेर पडताना हात जुन्या बाजूलाच वळतो. अनुभव जितका जुना, तितकी ती सवय पक्की. न्यूझीलंड किंवा ब्रिटनमध्ये वाहतूक आपल्यासारखी डावीकडून असते, तरी झोपेचा हिशोब बदलत नाही.

आता गोळ्यांचं. सर्दी झाली म्हणून एव्हिल, गाडी लागू नये म्हणून ॲव्होमिन, असं आपण सहज घेतो. दोन्हींनी गुंगी येते. मागे बसणाऱ्यांनी घ्या, चालवणाऱ्यानं नाही. (चालवणाऱ्याला गाडी सहसा लागतही नाही.)

मधुमेहींनी जास्त सांभाळायचं. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेतलं आणि जेवण लांबलं तर साखर उतरते. घाम, थरथर, गोंधळ. स्टिअरिंगवर असताना हा गोंधळ स्वतःला कळतोच असं नाही. ब्रिटनमध्ये इन्सुलिन घेणाऱ्या चालकांना निघण्याआधी दोन तासांच्या आत आणि पुढे दर दोन तासांनी साखर तपासायला सांगतात. ९० च्या खाली असेल तर आधी खायचं, मग निघायचं. हाच नियम आपणही पाळावा. ग्लुकोमीटर, गोळ्या आणि चिठ्ठी हातातल्या बॅगेत ठेवा. उन्हाळ्यात स्वित्झर्लंडचं घड्याळ आपल्यामागे साडेतीन तास असतं, तेव्हा इन्सुलिनच्या वेळा निघण्याआधी तुमच्या डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. प्रवास विमा काढताना मधुमेह, बीपी लपवू नका. लपवलेला आजार नेमका दावा करतानाच आडवा येतो.

माझं मत सरळ आहे. परमिट सांगतं की तुम्हाला गाडी चालवता येते. आज चालवावी का, हे ते सांगत नाही. पहिल्या दिवशी ट्रेननं जा, रात्री पूर्ण झोपा, दुसऱ्या दिवशी उजेडात गाडी घ्या आणि पहिला अर्धा तास गावातल्या शांत रस्त्यावर हात बसवा. शेजारी बसलेल्यानं मोबाईल न पाहता प्रत्येक वळणावर 'उजवीकडे' म्हणत राहायचं.

बागायतदारांनी माझ्यासमोरच मुलाला फोन लावला. गाडी एक दिवस पुढे ढकलली. पोरगा म्हणाला, "बाबा, मी हेच दोन महिन्यांपासून सांगतोय."