'राजा'ने अंडे दिले तेव्हा

पिंजऱ्यातल्या 'राजा'ने एका सकाळी अंडे दिले, की घरात आधी हशा पिकतो. मग प्रश्न पडतो, दुसरा पक्षी नसताना अंडे आले कुठून? कोंबडीप्रमाणेच कॉकाटीलची मादीही नराशिवाय अंडी घालते. त्यातून पिल्ले निघत नाहीत, एवढेच.

देशी पोपट पाळणे कायद्याने गुन्हा आहे, म्हणून अनेक घरांत हा ऑस्ट्रेलियातला तुरेवाला पक्षी येतो. (दुकानात त्याला सर्रास 'कॉकटेल' म्हणतात!) दुकानदार छातीठोकपणे सांगतो, 'नर आहे.' पण पिल्लू लहान असेल तर हे त्यालाही कळत नाही. राखाडी जातीत पहिली पिसे झडेपर्यंत, म्हणजे साधारण सहा महिने ते वर्षभर, सगळी पिल्ले मादीसारखीच दिसतात. पुढे नराचा चेहरा पिवळाधमक होतो आणि गालावरचा नारिंगी ठिपका उठून दिसतो. मादीचा चेहरा मळकटच राहतो, शेपटीखाली आडवे पट्टे टिकतात. नर शीळ घालतो, चोच आपटतो. मादी बहुधा गप्प. पांढऱ्या किंवा ठिपकेदार रंगांच्या पक्ष्यांत मात्र या खुणांवर विसंबू नये. ओटीपोटाची हाडे चाचपून सांगणाऱ्यांवर तर मुळीच नाही.

हा नुसत्या नावाचा प्रश्न नाही. अंड्याच्या कवचासाठी लागणारे कॅल्शियम मादीच्या शरीरातून जाते. आपण घालतो सूर्यफुलाच्या बिया, आणि त्यात कॅल्शियम अगदी कमी. मग अंडे आत अडकते. पक्षी पिसे फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसतो, कुंथतो, धापा टाकताना शेपूट हलते. 'नराला थंडी बाधली असेल' म्हणून घरचे थांबतात, आणि तेवढ्यात पक्षी दगावू शकतो. अशा वेळी ताबडतोब पक्ष्यांच्या डॉक्टरकडे न्यावे, घरी पोट दाबू नये.

खात्री हवी असेल तर डीएनए चाचणी करावी. पक्ष्यांत मादीच्या पेशीत झेड आणि डब्ल्यू अशी दोन वेगळी गुणसूत्रे असतात, नरात दोन्ही झेड. रक्ताचा एक थेंब किंवा ताजे उपटलेले पीस पुरते. गळून पडलेले पीस भरवशाचे नाही. मादी निघाली तर पिंजऱ्यात समुद्रफेण टांगावा, घरट्यासारखे खोके काढून टाकावे आणि संध्याकाळी दिवा लवकर मालवावा. घातलेली अंडी लगेच उचलू नयेत. ती दिसेनाशी झाली, की ती पुन्हा घालायला बसते.