घरची शिल्लक आणि मंदीचे दिवस

मंदीची चाहूल लागतांच वर्षाचें धान्य भरून ठेवणारीं कुटुंबें पुष्कळ आढळतात. परंतु शिल्लक कोठें आहे व ती प्रसंगीं हातीं येईल काय, याचा विचार विरळाच होतो. दिनांक २३ सप्टेंबर २०१९ रोजीं रिझर्व्ह बँकेनें पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले, तेव्हां आरंभीं दर खात्यांतून सहा महिन्यांत अवघे १,००० रुपये काढण्याची मुभा होती. ही मर्यादा पुढें वाढली, हें खरें. पण औषधाची चिठ्ठी तोंवर थांबत नाहीं.

ठेवींचा विमा २०२० पासून दर ठेवीदारास, दर बँकेमागें, व्याज धरून ५ लक्ष रुपयांपर्यंत आहे. एकाच बँकेच्या चार शाखांत चार पावत्या केल्या म्हणजे जोखीम विभागली, असा सुशिक्षितांचाही समज असतो. तो व्यर्थ होय. एकाच नांवावरील सर्व शाखांतील ठेवींची बेरीज एकत्रच धरली जाते. २०२१ च्या दुरुस्तीनें अशा निर्बंधानंतर विम्याची रक्कम ९० दिवसांत देण्याची तरतूद झाली. म्हणूनच निदान तीन महिन्यांचा घरखर्च दुसऱ्या बँकेंत असावा, असें मी म्हणतों.

हा सर्व हिशेब मीं घरीं मोठ्या ऐटीनें मांडला. कुटुंबानें शांतपणें विचारलें, "पण आपल्या पावत्या असतात कोठें?" इतक्या वर्षांच्या संसारानंतर हा प्रश्न तिला विचारावा लागला, याची मला लाज वाटली. त्याच सायंकाळीं नवी वही काढली. मी सांगत गेलों, तिनें लिहून घेतलें. दोन पावत्यांवर वारसाचें नांवच नव्हतें, तें तिच्याच दृष्टीस पडलें.