कमिशन म्हणजे नवं बलुतं



‘नोकरीच्या मागं लागू नका, एजंट व्हा, स्वतःचे मालक व्हा.’ हल्ली आपल्याच जयंतीच्या स्टेजवरून आपल्याच पोरांना हे ज्ञान पाजलं जातं. मी एका पतसंस्थेची पिग्मी गोळा करतो. सहा वर्षं झाली. हा मालक कसा असतो ते माझ्याकडून ऐका.

पगार नाही. शंभर रुपये गोळा केले तर तीन माझे. पेट्रोल माझं, चप्पल माझी, पावसात भिजणंही माझंच. ताप आला की त्या दिवसाचं शून्य. गिऱ्हाईकानं मुदतीआधी पिग्मी मोडली की दिलेलं कमिशन परत कापून घेतात. वर अनामत म्हणून माझेच पैसे संस्थेकडं अडकलेले. असला कसला रे हा मालक?

म्हणतात, कमिशनला जात नसते, टक्का सगळ्यांना सारखा. खोटं हाय हे! टक्का सारखा, पण लाइन कुणाला कुठली? बाजारपेठेची लाइन चेअरमनच्या भाच्याला, वस्तीची मला. दुकानदार रोजचे पाचशे टाकतो, भाच्याला पंधरा रुपये सुटतात. वस्तीतली माय वीस टाकते, मला साठ पैसे. त्याच्या एका दुकानासाठी मला पंचवीस उंबरे झिजवावे लागतात. आणि महिनाअखेरी साहेब म्हणतो, तूच कमी पडतोस. ह्याचं नाव मेरिट!

उद्या संस्था बुडाली तर माय चेअरमनच्या बंगल्यावर जाणार न्हाई, माझ्या दारात येणार. कारण तिनं पैसे संस्थेला दिलेलेच नसतात, ‘आपल्या पोराला’ दिलेले असतात. आपल्या माणसांचा आपल्यावरचा हा विश्वासच संस्था तीन टक्क्यांत विकत घेते.

हे नवं नाही. बलुतं असंच होतं. काम बांधलेलं, मोबदला मात्र गावाच्या मर्जीवर. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात महारवतनाचं बिल मांडलं, त्यात बलुत्याचं रोख रकमेत रूपांतर करण्याची तरतूद होती. मर्जी नको, ठरलेला दाम पाहिजे, हा त्यामागचा विचार. आणि आपण आज पुन्हा मर्जीच्याच खळ्यावर सूप घेऊन उभे!

लढता येतं, गड्यांनो. बँकांचे पिग्मीवाले लढले. 1988 साली हैदराबादच्या औद्योगिक न्यायाधिकरणानं त्यांना किमान रकमेची हमी, वाहनभत्ता आणि ग्रॅच्युइटी दिली. बँका वरच्या कोर्टात गेल्या. 2001 साली सुप्रीम कोर्टानं निकाल दिला: हे कामगारच आहेत आणि कमिशन हे त्यांचं वेतन आहे. पतसंस्थेच्या, विम्याच्या, फायनान्सच्या पोरांच्या दारात तो निकाल आपल्या पायानं चालत येणार नाही. युनियन करून हिसकून आणावा लागेल.

तेव्हा वही काढा. आपापल्या वस्तीतल्या प्रत्येक कमिशनवाल्याचं नाव लिहा, त्याला बैठकीला आणा. पहिली मागणी एकच: आधी पगार, मग टार्गेट!

जयभीम.