गॅस तोच, जागा लहान

८ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री पिंपरी-चिंचवडमधील ताथवडे परिसर एकामागून एक झालेल्या स्फोटांनी हादरला. टँकरमधून चोरून सिलिंडर भरले जात असताना आग लागली, सिलिंडर फुटत गेले आणि शेजारी उभ्या असलेल्या शाळेच्या बस जळाल्या. रात्रीची वेळ होती, त्यामुळे मोठा अनर्थ टळला. गुन्हा दाखल झाला, काही दिवस चर्चा झाली आणि विषय मागे पडला. पण असे चोरून भरलेले सिलिंडर एरवी जातात कुठे, हा प्रश्न राहिलाच.

त्याचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. कासारवाडी, फुगेवाडी, भोसरीपासून चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात चार-सहा जणांनी मिळून घेतलेल्या भाड्याच्या खोल्या आहेत, चहा-वडापावच्या गाड्या आहेत, फूड ट्रक आहेत. अलीकडे त्यात शनिवार-रविवारी पवना धरणाकडे किंवा कोकणात जाणाऱ्या, आत शेगडी बसवलेल्या गाड्यांची भर पडली आहे. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणल्यापासून या हौसेला सरकारी पाठबळही मिळाले. कामगाराची खोली आणि पर्यटकाची गाडी यांत वरवर काही साम्य नाही. गॅसच्या दृष्टीने मात्र दोन्ही सारख्याच: थोडी हवा असलेला, बहुतेक वेळ बंद राहणारा एक डबा.

घरगुती गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण. परदेशात कॅरॅव्हॅनमध्ये अनेकदा निव्वळ प्रोपेन वापरतात, कारण ते उणे ४२ अंशांपर्यंत वायुरूपात येते. ब्युटेन शून्याच्या आसपासच थिजल्यासारखे होते. आपल्याकडे तशा थंडीचा प्रश्न नाही. आपला प्रश्न जागेचा आहे.

हिशेब सोपा आहे. एक किलो गॅस पूर्ण जळायला सुमारे १२ घनमीटर हवा लागते. दहा बाय दहाच्या, नऊ फूट उंचीच्या खोलीत साधारण २५ घनमीटर हवा असते. लहान कॅरॅव्हॅनमध्ये जेमतेम १०. शेगडीचा एक बर्नर तासाला सव्वाशे ते दीडशे ग्रॅम गॅस जाळतो. गाडीच्या सगळ्या फटी बंद असतील, तर तासाभरातच आतला सुमारे पाचवा हिस्सा ऑक्सिजन संपतो. त्याच्या आधीपासूनच ज्योत नीट जळेनाशी होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. प्रत्यक्षात फटी असतात, म्हणून वेळ लांबतो. पण थंडीत किंवा डासांमुळे आपण त्याच फटी कापड कोंबून बंद करतो.

गळतीचा हिशेब याहून कठोर आहे. हवेत सुमारे दोन टक्के गॅस मिसळला की ठिणगी पुरते. दहा घनमीटरच्या गाडीत त्यासाठी अर्धा किलोहून कमी गॅस लागतो, म्हणजे पाच किलोच्या छोट्या सिलिंडरचा दहावा हिस्साही नाही. शिवाय तो सगळीकडे सारखा पसरत नाही. हा गॅस हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असल्याने खाली बसतो आणि पलंगाखाली, सामानामागे साचतो. उभ्या माणसाच्या नाकाला वास येईपर्यंत पायाशी धोक्याची पातळी ओलांडलेली असू शकते.

जड वायू कसा वागतो, याचा अनुभव कासारवाडीने वेगळ्या रूपात घेतला आहे. ९ जानेवारी २०२४ रोजी येथील महापालिकेच्या जलतरण तलावावर क्लोरीनची गळती झाली आणि पोहायला आलेल्यांना खोकला, श्वासाचा त्रास, डोळ्यांची जळजळ सुरू झाली. अनेकांना रुग्णालयात हलवावे लागले. क्लोरीन हवेच्या अडीच पट जड. तिथे जागा उघडी होती आणि क्लोरीन स्वतःच घशाला झोंबून माणसाला पळवतो. स्वयंपाकाचा गॅस तसे करत नाही. त्याला मुळात वासच नसतो. १९३७ मध्ये अमेरिकेत टेक्सासमधील न्यू लंडन येथे वास नसलेल्या नैसर्गिक वायूचा स्फोट होऊन शाळेत सुमारे ३०० जण मरण पावले. त्यानंतर गॅसमध्ये मुद्दाम दुर्गंधी मिसळण्याची सक्ती रूढ झाली. आज आपल्याला येतो तो वास मर्कॅप्टन या गंधकयुक्त रसायनाचा.

लक्षण ओळखा, मग हात लावा

लहान जागेतल्या शेगडीची कुरबूर बहुधा चार प्रकारची असते आणि प्रत्येकीचे कारण वेगळे असते.

ज्योत पिवळी, भांड्याचे बूड काळे: गॅसला हवा कमी पडते आहे. बर्नरची छिद्रे उतू गेलेल्या दुधाने बुजली असतील किंवा बर्नरखालची हवेची वाट बंद झाली असेल. बर्नर साफ करूनही ज्योत निळी होत नसेल, तर खोलीतच हवा कमी आहे असे समजून दार उघडावे. काळे बूड ही भांडी घासण्यापुरती अडचण नव्हे. ती कार्बन मोनॉक्साइडची आगाऊ सूचना आहे.

ज्योत बर्नरपासून उचलली जाते, फुरफुरते: दाब जास्त आहे. आपल्या हवामानात सिलिंडरमधला दाब हवेच्या दाबाच्या पाच-सहा पट असतो. घरगुती रेग्युलेटर तो सुमारे ३० मिलिबारवर, म्हणजे शे-दोनशे पटींनी खाली आणतो. युरोपातल्या कॅरॅव्हॅनसाठीही हाच आकडा ठरलेला आहे. रेग्युलेटर बिघडला किंवा भट्टीचा जास्त दाबाचा रेग्युलेटर साध्या शेगडीला जोडला, तर नळी आणि सांधे यांच्यावर त्यांना न पेलणारा ताण येतो. सिलिंडरवर थेट बर्नर फिरवून बसवलेल्या स्वस्त शेगड्यांत तर मध्ये रेग्युलेटरच नसतो. रेग्युलेटर उघडून दुरुस्त करण्याची वस्तू नाही. तो बदलायचा असतो.

ज्योत हळूहळू लहान होते, सिलिंडरवर दव किंवा बर्फ धरतो: द्रवाचा वायू होताना सिलिंडर स्वतःची उष्णता खर्च करतो. लहान सिलिंडरवर मोठा बर्नर चालवला की तो गार पडतो आणि दाब उतरतो. अशा वेळी अनेक जण सिलिंडर आडवा करतात, हलवतात किंवा त्यावर गरम पाणी ओततात. आडवा केल्यावर वायूऐवजी द्रव नळीत शिरतो, आणि तो बाहेर पडताच अडीचशे पटींहून जास्त फुगतो. इलाज एकच: शेगडी बंद करून सिलिंडर उभाच ठेवून थोडा वेळ थांबणे, किंवा मोठा सिलिंडर वापरणे.

वास येतो: आधी रेग्युलेटर बंद करून काढावा, सिलिंडरची टोपी लावावी, दार उघडून बाहेर पडावे. दिव्याचे किंवा पंख्याचे बटण चालूही करू नये आणि बंदही करू नये. ठिणगी दोन्ही वेळा पडते. मग बाहेरून गॅस कंपनीची मदतवाहिनी १९०६ वर फोन करावा. एरवी गळती तपासायची तर साबणाचा फेस सांध्यांना लावावा. बुडबुडे आले की गळती नक्की. काडी ओढून तपासण्याची सवय आजही जीव घेते. बहुतेक गळती व्हॉल्व्हमधल्या झिजलेल्या रबरी रिंगेतून किंवा वाळलेल्या नळीतून होते. चालत्या गाडीत हादऱ्यांनी सांधे आणखी लवकर सैल होतात, म्हणून प्रत्येक प्रवासानंतर ही तपासणी हवी.

न दिसणारा दुसरा धोका

स्फोटाची बातमी होते. कार्बन मोनॉक्साइडने झालेला मृत्यू अनेकदा ‘झोपेतच गेले’ एवढ्यावर संपतो. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधील दामन येथे रिसॉर्टच्या बंद खोलीत गॅस हीटर लावून झोपलेल्या केरळच्या आठ पर्यटकांचा मृत्यू झाला. त्यांत चार मुले होती. डिसेंबर २०२४ मध्ये केरळमधील वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या कॅरॅव्हॅनमध्ये दोघे मृतावस्थेत सापडले. जनरेटरचा धूर आत शिरल्याचे तपासात पुढे आले. एकीकडे हीटर, दुसरीकडे जनरेटर. मारणारा वायू एकच.

कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. आधी डोके दुखते, मग मळमळ, चक्कर, गुंगी. ‘काहीतरी खाल्लेले बाधले’ असे वाटते आणि माणूस आडवा होतो. एका जागेतल्या दोघा-तिघांना एकाच वेळी डोकेदुखी आणि मळमळ सुरू झाली आणि बाहेर आल्यावर बरे वाटले, तर हाच संशय आधी घ्यावा. कोरोनाच्या काळात घरोघरी आलेले बोटाला लावायचे ऑक्सिमीटर इथे फसवते. ते कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले हिमोग्लोबिनही ऑक्सिजनयुक्त समजते आणि आकडा ९८ दाखवते. म्हणून आकड्यावर न विसंबता रुग्णाला मोकळ्या हवेत आणून रुग्णालयात न्यावे आणि डॉक्टरांना बंद जागेत शेगडी, हीटर किंवा गॅस गीझर चालू असल्याचे आवर्जून सांगावे. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. शुद्ध ऑक्सिजनवर साधारण दीड तास.

छाप्यांच्या पलीकडे

ऑगस्ट २०२३ मध्ये मदुराई स्थानकाजवळ उभ्या असलेल्या पर्यटकांच्या खासगी रेल्वे डब्यात बेकायदा नेलेल्या सिलिंडरमुळे आग लागून नऊ जणांचा बळी गेला. नियम तेव्हाही होता. सिलिंडरमधून सिलिंडरमध्ये विनापरवाना गॅस भरण्यावर आपल्याकडेही बंदी आहे. तिची कारणे शास्त्रीय आहेत. अधिकृत भरणीत वजन मोजून द्रवाच्या वर रिकामी जागा सोडली जाते, कारण उन्हात द्रव फुगतो. अंदाजाने काठोकाठ भरलेल्या सिलिंडरमध्ये ही जागाच उरत नाही. अधिकृत सिलिंडरवर पुढच्या चाचणीची तिमाही आणि वर्ष छापलेले असते, ‘ए’ म्हणजे जानेवारी ते मार्च, ‘डी’ म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. चोरट्या भरणीतला सिलिंडर या तपासणीतून कायमचा निसटतो.

तरीही मागणी टिकून आहे, कारण तिच्यामागे गरज आहे. पाच किलोचा सिलिंडर पत्त्याच्या पुराव्याशिवाय केवळ ओळखपत्रावर मिळण्याची सोय आहे. पण तो बाजारभावाने घ्यावा लागतो आणि पहिल्या वेळी सिलिंडरचे पैसे एकरकमी मोजावे लागतात. कोपऱ्यावरचा माणूस मात्र शंभर-दोनशे रुपयांतही किलोभर गॅस भरून देतो. रोज कमावून रोज खाणाऱ्याला तीच सोय वाटते. छापे पडल्यावर भरणारा जागा बदलतो; घेणारा तिथेच राहतो. म्हणून पाच किलोच्या सिलिंडरची सुरुवातीची रक्कम हप्त्याने घेणे आणि कामगार वस्तीजवळच्या दुकानांत बदलीची सोय करणे, हे सुरक्षेचेच उपाय मानायला हवेत.

दुसरी जबाबदारी जागा देणाऱ्यांची. ज्या खोलीत स्वयंपाक होणार तिच्या दाराखाली आणि छताजवळ अशा दोन बंद न होणाऱ्या झडपा असाव्यात: खालची जड गॅस बाहेर जाण्यासाठी, वरची धूर जाण्यासाठी. कॅरॅव्हॅनमध्ये सिलिंडर झोपण्याच्या जागेपासून वेगळ्या, बाहेरून उघडणाऱ्या कप्प्यात असावा आणि कप्प्याच्या तळाला भोक असावे. गाडी भाड्याने घेताना गाद्या आणि टीव्ही पाहण्याआधी हे भोक आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म पाहावा. रात्री शेगडी पेटवून ऊब घेऊ नये, मग बाहेर कितीही थंडी असो.